धुळ्याच्या लग्नाला

जळगावच्या फुले मार्केटमधले आमचे ठरलेले कापडवाले काका. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधलं सक्कर सोडून निघाले, कल्याणच्या कॅम्पात राहिले आणि मग जळगावात आले. त्या पिढीला सगळे निर्वासितच म्हणत. काकांना आता तसं कुणी म्हणत नाही. ते गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलतात.

त्यांची चुलत बहीण मात्र सिंधमधून 2009 साली आली. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या ‘लाँग टर्म व्हिसा’वर राहत होत्या.

2012 साली धुळ्याच्या कुमारनगरात काकांच्या भाच्याचं लग्न होतं. सगळं घर गाडीत बसलं आणि मावशी दारात उभ्या राहिल्या. त्यांचा व्हिसा जळगावपुरता होता, बाहेर जाण्याच्या परवानगीचा कागद वेळेत आला नव्हता. सिंधी लग्नात बायका लाडे म्हणतात. घरात सगळ्यात जास्त लाडे त्यांनाच पाठ होते. धुळं ते किती लांब? एरंडोल, पारोळा, की आलंच. त्या दिवशी मागे वळून त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

पुढे जर्मनीतल्या आश्रितांविषयी वाचताना तेच दार आठवलं. आश्रय मागणाऱ्याने नेमून दिलेली हद्द विनापरवाना ओलांडली तर तिथे दंड होई. 2015 पासून ती अट पुष्कळ सैल झाली. आपल्याकडे 2016 मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याक व्हिसाधारकांना राज्यभर फिरायची मोकळीक मिळाली. बँकेत खातं, राहण्यापुरतं घर, स्वतःचा धंदा हेही त्यातच आलं. म्हणजे तोवर यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागत होतं.

हद्दीसारखीच तारीखही माणसाला अडवते. निर्वासितांविषयीचा 1951 चा जागतिक करार सुरुवातीला 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांनी उखडलेल्यांपुरताच होता. ती मर्यादा 1967 मध्ये निघाली. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्या 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तारीख आहे 31 डिसेंबर 2014; तोवर आलेल्यांनाच त्याचा लाभ. मावशी अलीकडे पडतात. 2015 च्या जानेवारीत तेच भय घेऊन आलेली बाई पलीकडे पडते. त्याच सिंधमधून जीव मुठीत धरून निघालेला अहमदिया तर त्या कायद्यात कुठेच बसत नाही, कारण कायद्यातल्या धर्मांच्या यादीत त्याचा धर्म नाही. मला हे पटत नाही. मावशींना मिळालेल्या आसऱ्याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच पटत नाही. माणूस कशाला भिऊन निघाला, हे आधी विचारायला हवं.

2017 मध्ये कुमारनगरात दुसरं लग्न निघालं. या वेळी मावशी खिडकीशी बसल्या होत्या. पारोळा गेलं. फागण्याची पाटी दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, “जिल्हा बदलला?”

“हो मावशी, मघाशीच.”

त्यांनी पिशवीत हात घालून व्हिसाची झेरॉक्स चाचपली. धुळं येईपर्यंत हात तसाच पिशवीत होता.