सहाच्या आधी, सहाच्या नंतर

सॅन पेड्रो, मंगळवार

ती. दादा,


आज व्हिन्सेंट थॉमस पुलावरून बंदर पाहिलं. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही कागदावर दोन बंदरं, पण उपसागर एकच. नजर जाईल तिथवर क्रेन आणि कंटेनरच्या थप्प्या. तुझीच आठवण आली. आपल्या न्हावाशेवा बंदराबाहेर करळ फाट्यावरची ट्रेलरची रांग तू वर्षानुवर्षं भोगतो आहेस, म्हणून मी इथं भेटेल त्याला एकच विचारते आहे: तुमच्या रांगेचं तुम्ही काय केलंत?

2004 मध्ये इथं माल इतका साचला की जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहिली. बंदरातून निघणारा 710 हायवे ट्रकांनी भरून जायचा आणि त्याच्या कडेच्या वस्त्या डिझेलच्या धुरात राहायच्या. जहाजावरचं काम रात्री चाले, पण ट्रकचं गेट मुख्यतः दिवसाच. त्याच वर्षी लाँग बीचचे आमदार ॲलन लोवेन्थल यांनी, दिवसा माल नेणाऱ्यावर शुल्क बसवावं असं विधेयक आणलं. कायदा आपल्यावर लादला जाण्याआधी टर्मिनल कंपन्यांनीच एकत्र येऊन ‘पिअरपास’ नावाची संस्था काढली.

23 जुलै 2005 पासून सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सहा ते पहाटे तीन, आणि शनिवारी दिवसा, अशी जादा गेटं सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार दिवसाच्या वेळेत भरलेला कंटेनर नेला किंवा आणला, तर वीस फुटीला 40 डॉलर आणि चाळीस फुटीला 80. रात्री आणि शनिवारी काही नाही. रिकाम्या कंटेनरला माफी, बंदरातून निघणाऱ्या अलामेडा कॉरिडॉरच्या रेल्वेनं जाणाऱ्यालाही माफी. शुल्क ट्रकवाल्यानं नाही, मालधन्यानं भरायचं. गोदीतल्या रात्रपाळीची मजुरी जास्त असते. तो खर्च या पैशातून भागवायचा.

विल्मिंग्टन, गुरुवार

ती. दादा,

कालचा दिवस ड्रायव्हरांमध्ये गेला. बरेचसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. अनेकांचा ट्रक स्वतःचा, कर्जावर घेतलेला. पैसे फेरीमागे मिळतात, तासावर नाही. आपल्याकडच्या एकाच गाडीच्या मालकाची स्थिती तू जाणतोसच, म्हणून पुढचं सावकाश वाच.

रात्री शुल्क नाही म्हटल्यावर मालधन्यांनी फर्मान काढलं: माझा माल सहानंतरच उचला. मग ड्रायव्हर दुपारपासूनच गेटबाहेर येऊन थांबू लागले, कारण सहाला पहिला नंबर लागला तरच रात्रीत दुसरी फेरी पदरात पडायची. गेट उघडं, आत जागा, आणि बाहेर रांग घड्याळाकडे बघत उभी! इंजिनं चालू, धूर पुन्हा त्याच वस्तीवर. 80 डॉलर वाचले ते मालधन्याचे. त्यासाठी गेलेले तास ड्रायव्हरचे, आणि ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, मुलं शाळेतून घरी यायची तेव्हा मी रांगेत असायचो आणि ती शाळेला निघायची तेव्हा झोपलेला. मला हे ऐकून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तरी योजनेला फसलेली म्हणणार नाही. पुढे निम्म्याहून जास्त माल रात्री आणि शनिवारी हलू लागला. दिवसाचा हायवे त्यामुळे हलका झाला, हे खरंच आहे. शुल्कानं माणसं वेळ बदलतात. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात तो वेळ ठरवतो आणि ती वेळ जगतो दुसराच.

शेवटी नोव्हेंबर 2018 मध्ये पद्धत बदलली. दिवस असो की रात्र, शुल्क सारखंच, तेव्हा वीस फुटीला 31 डॉलर 52 सेंट. त्याआधी फक्त दिवसाचं शुल्क चढत चढत 72 डॉलरांवर गेलं होतं. गर्दी वाटून देण्याचं काम आता आगाऊ वेळ घेण्याच्या पद्धतीकडे आलं. सहाची वाट बघण्याचं कारणच उरलं नाही.

ऑन्टॅरिओ, शनिवार

ती. दादा,

कॅलिफोर्नियातलं हे ऑन्टॅरिओ म्हणजे गोदामांचं गाव. बंदराचा बराच माल या भागात उतरतो. 2021 मध्ये समुद्रात जहाजांची पुन्हा रीघ लागली, तेव्हा लाँग बीचच्या एका टर्मिनलनं आठवड्यातल्या चार रात्री गेट पहाटेही उघडं ठेवून पाहिलं. फारच थोडे ट्रक आले. पहाटे चारला उचललेला माल उतरवून घ्यायला गोदामात माणूस नव्हता, आणि रिकामे कंटेनर अडकल्यानं चेसिसही, म्हणजे कंटेनर ठेवायची चाकांची चौकट, मिळत नव्हती. आपल्या न्हावाशेव्याला गेट रात्रभर चालतं, पण रात्री दोनला भिवंडीत तुझा ट्रेलर कोण खाली करतो?

उद्या आपल्याकडे असं शुल्क कोणी सुचवलंच, तर तुमच्या संघटनेनं लगेच विरोधाचा फलक धरू नये असं मला वाटतं. आधी विचारा, प्रतीक्षेच्या तासांचे पैसे कोण देणार? आणि वेळ गेटपासून मोजणार की रांगेच्या शेपटापासून? इथल्या ट्रकवाल्यांच्या संघटनेनं जीपीएसच्या नोंदींवरून गेटबाहेरची रांगही मोजली, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आलं. तुझ्या गाड्यांवर जीपीएस आहेच. करळ फाट्याला गाडी थांबली तेव्हापासून बंदराबाहेर पडेपर्यंतचा वेळ, प्रत्येक फेरीचा, या महिन्यापासून वहीत उतरवायला लाव. क्लिनरच्या अंदाजावर जाऊ नकोस.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी धाकटी