भुंगेरा, झुरळ आणि हुमणी

ज्याच्या पुढच्या पंखांची टणक कवचे झालेली असतात आणि उडण्याचे खरे पंख त्या कवचांखाली घडी घालून ठेवलेले असतात, तो कीटक म्हणजे भुंगेरा. त्याच्या आजवर नोंदलेल्या जाती चार लाखांच्या घरात आहेत. प्राणिसृष्टीत एवढा मोठा दुसरा गण नाही. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वसलेल्या वडगाव रासाईसारख्या उसाच्या गावात मात्र ही व्याख्या कुणाच्या तोंडी नसते. तिथे किड्याची ओळख वयाच्या मानाने होत जाते, आणि तो कुठे भेटला यावरून त्याचे नाव ठरते.

लहानपणी भेटतात ते निरुपद्रवी. मृग लागला, चांगला पाऊस झाला की ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. तो मृगाचा किडा. त्याला आठ पाय असल्यामुळे शास्त्राच्या हिशेबी तो कीटकच नव्हे, कोळ्याच्या गोतातला. पण तळहातावर घेतल्यावर त्याने आखडून घेतलेले पाय तो पुन्हा कधी सोडतो, याची वाट पाहणाऱ्या पोराला ते मोजायची गरज वाटत नाही. बांधावर शेणाचा गोळा मागच्या पायांनी लोटत नेणारा शेणकिडा आणि बाभळीवरचा हिरव्या झळाळत्या पाठीचा सोनकिडा हे दोघे खरे भुंगेरे. सोनकिड्याच्या जातीतल्या भुंगेऱ्यांची कवचे उंची वस्त्रांवर शिवण्याची कला हिंदुस्थानात होती. पोरांच्या हातात त्याचा मुक्काम काडेपेटीतच पडतो. काजवाही भुंगेराच. लाकडाला गोल भोक पाडणारा काळा भुंगा मात्र मधमाशीचा भाऊबंद आहे, नाव कितीही जवळचे असो.

घरातले किडे आईच्या, आजीच्या बोलण्यातून कळतात. ज्वारीला सोंडे झाले, हरभऱ्याला भुंगा लागला, ही वाक्ये ऐकतच मूल मोठे होते. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून ते बुजवते. अळी आतला पीठगोळा खाऊन, कोश करून, पुरता किडा होऊनच बाहेर पडते. कडधान्यावरचा भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. त्यामुळे हरभरा घरात आणण्याआधी त्यावर पांढरे ठिपके दिसतात का, हे पाहणारी बाई किड्याच्या आधी त्याची अंडीच ओळखत असते. कडक ऊन, कडुनिंबाचा पाला आणि राख हे जुने उपाय दोघांवर सारखेच चालतात. झुरळाला या यादीत जागा नाही. ते धान्य पोखरत नाही, उष्टे-खरकटे खाते, आणि त्याच्या वाट्याला पिठात मळलेल्या बोरिक पावडरीच्या गोळ्या येतात.

शाळेत इंग्रजी सुरू झाले की याच मंडळींना दुसरी नावे मिळतात, आणि ती जास्त शास्त्रशुद्ध असतील असा एक समज नकळत रुजतो. तो खरा नाही. बीटल हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘चावणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, म्हणजे तिथेही आधी चावा आणि मग व्याख्या. काजव्याला इंग्रजीने फायरफ्लाय म्हणून माश्यांत बसवले आणि ग्लोवर्म म्हणून अळ्यांत. ठिपक्यांच्या गोंडस ढालकिड्याला इंग्लंडात लेडीबर्ड म्हणतात; यातली ‘लेडी’ म्हणजे येशूची आई मेरी, आणि पक्षी कुठून आला हे विचारू नये. अमेरिकेत त्याच्या जागी बग आला, तोही चुकीचा, कारण कीटकशास्त्रात बग म्हणजे ढेकणाच्या कुळातले, सोंड खुपसून रस शोषणारे किडे. झुरळाचे कॉक्रोच हे नाव स्पॅनिश ‘कुकाराचा’वरून आले. व्हर्जिनियाच्या वसाहतीत राहिलेल्या कॅप्टन जॉन स्मिथने १६२४ साली ते ‘काकारूच’ असे काहीतरी लिहिले. पुढे कानाला ओळखीचे वाटावे म्हणून त्यातून कोंबडा आणि मासा या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जुळवले गेले. इंग्लंडच्या जुन्या स्वयंपाकघरांत काळ्या झुरळाला सर्रास ब्लॅक बीटल म्हणत. न्यूयॉर्ककरांनी तर १८४२ साली शहरात क्रोटन नदीचे पाणी आले तेव्हा वाढलेल्या झुरळांना क्रोटन बग करून टाकले.

अकरावीला विज्ञान घेणाऱ्या मुलाला झुरळ पुन्हा भेटते, या वेळी पेरिप्लॅनेटा अमेरिकाना म्हणून, आणि तेरा कप्प्यांच्या हृदयासकट. पूर्वी ते मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी उताणे ठेवून उघडत. आता आकृतीवर भागते. नावात अमेरिका असली तरी ही जात मूळची आफ्रिकेची मानली जाते. पुण्यातल्या फ्लॅटच्या ओट्याखाली पळणारे छोटे तपकिरी झुरळ जर्मन म्हणवते. लिनियसने १७६७ साली त्याला ते नाव दिले, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचे मूळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या भारतात किंवा म्यानमारात दाखवले. वाळवीलाही इंग्रज व्हाइट अँट म्हणत आले. तिचा मुंगीशी संबंध नाही. शास्त्रज्ञ आता तिला झुरळांच्याच गणात धरतात.

शेती अंगावर आली की नावांची ही गंमत संपते, कारण हुमणी समोर येते. हुमणी ही अळी आहे: पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. ती जमिनीत राहून उसाची मुळे खाते. पाने पिवळी पडतात, बेट वाळते आणि हाताने ओढले तर मुळांसकट उपटून येते. हे ऑगस्टपासून पुढे दिसते, आणि तोवर अळी मोठी व खोल गेलेली असल्याने औषधाचा पैसा बराचसा वाया जातो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेनंतर जमिनीतून वर येऊन कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसणारे तांबूस तपकिरी भुंगेरे म्हणजे हीच हुमणी. तिथे ती पाला खाते, जोडी जमवते, आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत शिरून अंडी घालते. वर्षाला एकच पिढी. पण गावात अळीला एक नाव आणि किड्याला दुसरे, म्हणून मे-जूनमध्ये दिव्याभोवती आपटणाऱ्या भुंगेऱ्यांत पुढच्या सप्टेंबरचे नुकसान चटकन दिसत नाही. इंग्रजीतही व्हाइट ग्रब वेगळा आणि जून बीटल वेगळा, तेव्हा दोष मराठीचा नव्हे.

पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि साखर कारखान्यांचे ऊस विकास विभाग अळी आणि भुंगेरा या दोन नावांची गाठ घालण्याचेच काम दरवर्षी करतात. रात्री फांद्या हलवून पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. पाण्याच्या घमेल्यावर दिवा टांगून प्रकाश सापळा लावायचा. शेणखतातून मेटारायझियम बुरशी जमिनीत द्यायची. हे एकट्याने करून उपयोग होत नाही, कारण भुंगेरे शेजारच्या बांधावरूनही येतात. म्हणून मोहीम गावाची असावी लागते, आणि ती वळवाच्या पहिल्या पावसाच्या संध्याकाळीच सुरू करावी लागते.