होडीत बसताय? आधी चावीला बाटली बांधा!

दोस्तांनो, भिवंडी म्हटलं की कानांत कोणता आवाज येतो? खटखट, खटखट, खटखट! बरोबर, यंत्रमागांचा. धोटा इकडून तिकडे पळतोय, धाग्याला धागा जोडला जातोय आणि कापड तयार होतंय. पण आज मी तुम्हाला त्या खटखटाटापासून थोडं लांब, भिवंडीच्या दक्षिणेकडे खाडीवर नेणार आहे. चलाल ना?

ही उल्हास नदीची खाडी. अलीकडे भिवंडी तालुक्यातलं माणकोली, पलीकडे डोंबिवलीचं मोठागाव. आता इथे मोठा पूल उभा आहे. पूर्वी मात्र लोक होडीनेच पलीकडे जायचे. वरच्या अंगाला कल्याणचा दुर्गाडी किल्ला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि याच खाडीच्या आसऱ्याने मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. म्हणजे बघा, ज्या पाण्यावर आपण चाललोय ते काही साधंसुधं पाणी नाही!

तर झालं असं. मी सातवीत होतो. माणकोलीजवळच्या एका गावात माझी मावशी राहायची. डोंबिवलीहून आम्ही दोघं मावसभाऊ होडीने परत येत होतो. मावशी शेतावर जाणार होती, म्हणून तिने घराची चावी माझ्याकडे दिलेली. मी मोठ्या ऐटीत होडीच्या काठावर बसलो होतो. नावाड्याने पैसे मागितले. मी खिशात हात घातला, नाणी बाहेर काढली आणि नाण्यांबरोबर चावीही बाहेर आली. टण्णकन काठावर आपटली आणि डुबुक!

मी काय केलं असेल? तेच, जे तुम्ही केलं असतंत. चावीच्या मागे झेपावलो! अर्धा होडीबाहेर. भाऊ मला धरायला त्याच बाजूला धावला. होडी अशी काही कलली, की पाणी काठाला टेकलं. नावाड्याने बांबू टाकून माझी कॉलर पकडली नि ओरडला, "जाव दे ती चावी! तू बस खाली आधी!"

घरी आलो तर दाराला कुलूप. संध्याकाळी मावशी आली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने दगडाने कुलूप फोडलं आणि मग एवढंच विचारलं, "पोहायला येतं का रे तुला?" मला येत नव्हतं. ती पुढे काहीच बोलली नाही. ते न बोलणं मला अजून आठवतं.

आता सांगा, चूक कुठे झाली? चावी पडली ही छोटी चूक. मोठी चूक तिच्यामागे झेपावण्याची. पण छोटी चूकच होऊ दिली नाही तर मोठी करायची वेळच येणार नाही, हो की नाही?

या खाडीचा तळ म्हणजे चिखल. ओहोटीला काठाने फिरलात तर त्यात टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतील. पाणी गढूळ. चावीसारखी जड वस्तू पडली की चिखलात रुतते आणि कायमची जाते. चप्पल पडली तर ती तरंगेल खरी, पण ओहोटी लागलेली असेल तर कशेळी, काल्हेर करत घोडबंदर, वसईच्या दिशेने निघेल. थेट समुद्राकडे!

मग करायचं काय? खाडीवरच्या कोळ्यांचं जाळं नीट बघा. त्याच्या वरच्या कडेला तरंगते गोळे असतात, खालच्या कडेला वजनं. जी कड वर राहायला हवी तिला हलकं बांधायचं. झालं, हीच युक्ती!

औषधाची रिकामी, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली घ्या. शंभर मिलिलिटरची बाटली साधारण शंभरेक ग्रॅम पाणी बाजूला सारते. म्हणून पन्नास ग्रॅमचा चाव्यांचा जुडगा ती सहज तरंगत ठेवते. आर्किमिडीजचा नियम तुम्ही शिकलाच असाल! पण पुस्तकावर विसंबू नका. घरी बादलीत टाकून बघा. पाच मिनिटांनीही बाटली वरच असेल तर पास.

बांधायला दोरा? भिवंडीत दोऱ्याला काय तोटा! सुती धाग्याचे चारपाच पदर घेऊन वेणीसारखे वळा. गंमत म्हणजे सुती धागा ओला झाला की थोडा अधिकच मजबूत होतो. नायलॉन गुळगुळीत असतो, त्याची गाठ सुटू शकते. म्हणून तिथे दोन गाठी मारा. दोऱ्याचं दुसरं टोक पिशवीच्या बंदाला बांधा. गळ्यात किंवा मनगटाला मात्र कधीच आवळून बांधू नका.

आणखी चार गोष्टी. होडीचे पैसे चढण्याआधीच वेगळे काढून ठेवा. चावी आणि नाणी एका खिशात नकोत. शर्टाच्या वरच्या खिशातलं पेन पिशवीत टाका, कारण आपण वाकलो की तेच आधी पडतं. चष्म्याच्या दोन्ही दांड्यांना मागून सैल दोरा लावा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, थोडी हवा ठेवून बंद करा. पण ती पिशवी तरंगते का, हे आधी आत तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच आकाराची एखादी वस्तू घालून बादलीत बघा. एकदम मोबाइल घालून प्रयोग केलात तर घरचे काय म्हणतील, ते मला सांगायला नको!

आणि एवढं करूनही काही पडलंच तर? जागेवरून उठू नका. सगळ्यांनी एका बाजूला धावू नका. नावाड्याला हाक मारा. वस्तू तरंगत असेल तर तो होडी वळवून वल्ह्याने जवळ ओढेल. बुडाली असेल तर तिला रामराम करा. आणि जीवरक्षक जॅकेट? ते होडीत पाय ठेवण्याआधीच अंगात हवं.

नवी चावी कुलूपवाल्याकडे थोड्या पैशांत बनते. तुमच्यासारखा मुलगा किंवा मुलगी मात्र कुठल्याच दुकानात बनवून मिळत नाही.

माझ्या मावशीच्या घराची ती चावी अजून खाडीच्या चिखलात कुठेतरी असेल. आता पुलावरून जाताना मी खाली पाण्याकडे बघतो. खिशातल्या चावीला बाटली बांधलेली नसते, पण माझा हात आपोआप खिशावर जातो!