न पाहिलेले सारस

कालपासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय, आता तुम्हालाही सांगतो!

नवेगाव बांधच्या पाळीवर मुलीला घेऊन उभा होतो. १९९४ साली, सात वर्षांचा असताना, मी इथे मामासोबत आलो होतो. "तिकडे सारसांची जोडी उभी होती," मी तिला दाखवलं. "आणि येताना रस्त्यावर 'जिल्हा गोंदिया' अशी पाटी मी अक्षर अक्षर जुळवून वाचली होती."

"पण बाबा, गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ला झाला. त्याआधी हा भंडारा जिल्हा होता."

अंगावर सर्रकन काटा आला. ती पिवळी पाटी, तिच्या कोपऱ्यावरचा गंज आत्ताही डोळ्यांपुढे आहे. आणि तेव्हा ती असणंच शक्य नव्हतं!

तिथूनच मामाला फोन लावला. "सारस? अबे, तू तं गाडीत झोपला होता! परत जाताना म्याच सांगितलं तुले सारसाचं."

रात्रभर वाचत बसलो. १९७४ सालचा एलिझाबेथ लॉफ्टस यांचा प्रयोग तर विलक्षण आहे! लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. मग गाड्यांचा वेग विचारताना काहींना गाड्या 'धडकल्या' म्हटलं, काहींना त्याहून जोरकस शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण 'हो' म्हणाले, जोरकस शब्दवाल्या ५० पैकी १६! एका शब्दाने माणसांना न फुटलेली काच दाखवली!

म्हणजे आठवण कपाटातून जशीच्या तशी निघत नाही. दर वेळी आपण ती नव्याने रचतो. ऐकलेलं, पुढे कधी पाहिलेलं, सगळं तिच्यात बेमालूम मिसळतं. आणि जितक्यांदा ती सांगावी, तितकी ती खरी वाटू लागते. मी तर ही गोष्ट तीस वर्षं सांगत आलोय!

सकाळी पुन्हा पाळीवर गेलो. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं इथे सांगतात. पाणी दर पावसाळ्यात नवं येतं, पाळ तीच राहते. माझ्या आठवणीतली पाळ मला सापडली: परतीची गाडी, अर्धवट झोप आणि मामाचा आवाज. सारस त्या आवाजातून आले होते.

आता घरी गेलो की मामासमोर बसणार, आणि सारसांची ती गोष्ट पुन्हा ऐकणार. या वेळी जागेपणी!