हळदीत उठून दिसणारा हात

कोडाचा पहिला डाग माझ्या बोटांवर उठला तेव्हा मी सातवीत होते. आमचं गाव वसमत तालुक्यात. हळद शिजवायचे दिवस आले की घरात सगळ्यांचेच हात पिवळे. इतरांच्या सावळ्या हातांवर तो रंग मुरायचा, माझ्या पांढऱ्या डागांवर मात्र लखलखीत दिसायचा. आजीने आईला विचारलं, "पोरीला दुधावर मासे दिलेस का गं?" आमच्या घरात मासे कधी शिजलेच नव्हते. तरी आई कितीतरी दिवस काय खाऊ घातलं ते आठवत राहिली. त्या प्रश्नाचा राग मला आजही येतो.

मग कुणीतरी बावची सुचवली. लेप लावून उन्हात बसवलं आणि कातडी फोडांनी भरून गेली. बावचीतल्या द्रव्याने त्वचा उन्हाला हळवी होते, हे खरंच आहे. त्याच जातीची द्रव्यं डॉक्टरही वापरतात, पण मात्रा आणि प्रकाश मोजून. भाजलं, खरचटलं, नाडी काचली की तिथे नवा डाग उठू शकतो. काही टिकल्यांच्या गोंदानेसुद्धा कपाळाचा रंग जातो.

नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डागावर कापूस फिरवून विचारलं, "कळतंय?" कळत होतं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर होतो. कोडात स्पर्श शाबूत असतो आणि ते कुणाला लागत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच रंगपेशींवर उलटते, एवढंच. थायरॉईडही तपासून घेतलं. पुढे मलम आणि ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उपचार महिनोन्‌महिने चालले. मानेवरच्या डागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसू लागले, पेरलेल्या रानात उगवण दिसावी तसे. बोटांच्या टोकांना केस नाहीत. तिथे रंग परतला नाही. मीही पुढे नाद सोडला.

'नितळ' हा सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा २००६ चा चित्रपट मी उशिरा पाहिला. कोड असलेली नायिका पडद्यावर पाहून मला रडू आवरेना. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता' संस्था उभी केली, तशी सोबत माझ्या आईला तेव्हा मिळायला हवी होती.

परवा शेजारची वहिनी लेकीला घेऊन आली. ओठाच्या कडेला ताजा डाग. "ताई, हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?"

"आठवीत आहे ती. डाग नवा आहे तोवर औषध लवकर लागू पडतं. सोमवारी नांदेडला जाऊ, मी येते सोबत."