खांबातला नृसिंह

गोंगाट सहन करण्याचे आमचे वय आता राहिले नाही, अशी आमची समजूत होती. म्हणून एका विद्यार्थ्याने मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या मेटल वाद्यवृंदाची २०१७ सालची ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका आम्हांस दिली, तेव्हा ती आम्ही केवळ भिडेखातर ऐकावयास घेतली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते, भाषा इंग्रजी, आणि गायन म्हणावे तर पुष्कळ ठिकाणी घशाच्या तळातून काढलेली गुरगुर. आम्ही जन्मभर इंग्रजी शिकविली. पण शब्द काही केल्या उमगेनात.

नृसिंहाच्या गीताशी मात्र आम्ही थबकलो. हा आवाज आम्ही पूर्वी ऐकला होता! पाचोऱ्याच्या आमच्या धाब्याच्या घरात दिवेलागणीनंतर आजी प्रल्हादाची गोष्ट सांगे. खांब दुभंगण्याच्या प्रसंगी तिचा सौम्य स्वर एकाएकी असाच घोगरा होई. शब्द सरत आणि नुसती गुरगुर उरे. त्यानंतर कित्येक रात्री माजघरातल्या लाकडी खांबाजवळून एकटे जाण्याची आमची छाती होत नसे.

भीतीतही रस असतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. भरताने भयानकाला रसांत गणिले आणि त्याचा वर्ण काळा सांगितला. वॉल्पोलने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ लिहून इंग्रजीत ‘गॉथिक’ कथेचा पाया घातला. तेच नाव १९९१ साली ‘पॅराडाइज लॉस्ट’ या इंग्रज मेटल वाद्यवृंदाने आपल्या ध्वनिमुद्रिकेस दिले. भरत आणि वॉल्पोल आम्ही वर्गात मोठ्या गोडीने सांगितले. घरी मात्र मुलांना गोष्ट सांगताना हिरण्यकशिपूचे पोट फाडण्याचा प्रसंग आम्ही गाळला. लहान जीव भ्यायला नकोत! त्यामुळे आमच्या मुलांचा नृसिंह दिनदर्शिकेवरील चित्रासारखा प्रसन्न राहिला, आणि मुले त्याला लवकरच विसरली.

आजी गर्जनेवर थांबत नसे, हेही खरे. देव जवळ जाण्यास धजेनात, तेव्हा लहानगा प्रल्हाद पुढे होऊन त्या रक्ताळलेल्या पायांवर डोके ठेवी. तेथे तिचा स्वर पुन्हा मऊ होई आणि आमचा डोळा लागे. ते मऊपण आमच्या कानांना या गीतात सापडले नाही. पण आम्ही तरी काय केले? भयावाचून प्रल्हाद सांगितला. मग त्याच्या धैर्याला मोल कसले?

ध्वनिमुद्रिका परत करताना आम्ही त्या विद्यार्थ्याला गोष्टीचा हा उरलेला भाग सांगितला. त्याने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.