रिकामी चौकट

मुलांनो, शिक्षकांच्या चुका तुम्ही गुपचूप मोजत असता, हे मला चांगलं ठाऊक आहे. आज माझी एक चूक मीच तुम्हाला सांगते.

मी तिसरीला शिकवते. २०२३ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. चाचण्यांचे गुण मी एका वेबसाइटवर भरत असे. साइट त्यांचा स्तंभालेख काढून द्यायची. जोडाक्षरांना कोण अडखळतं, बेरजेत हातचा कोण विसरतं, ते रंगीत पट्ट्यांवरून चटकन कळायचं.

एका सोमवारी शाळेच्या जुन्या संगणकावर साइट उघडली, तर स्तंभालेखाच्या जागी नुसती पांढरी चौकट! शनिवारी तर सगळं ठीक होतं. आणि शनिवारीच वर्गातल्या एका मुलाला मी संगणकावरची धूळ पुसायला सांगितलं होतं. झालं!

"काय रे, कुठली बटणं दाबलीस?" मी भर वर्गात विचारलं.

"नाही बाई, मी नुसतं फडकं फिरवलं."

माझा विश्वास बसला नाही. मी त्याला बरंच रागावले. मधल्या सुट्टीत त्याने डबासुद्धा उघडला नाही.

शाळा सुटल्यावर मी एकटीच संगणकापुढे बसले. म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. आधी कंट्रोल आणि एफ ५ दाबून पान नव्याने मागवलं. चौकट रिकामीच. मग तेच पान माझ्या मोबाइलवर उघडलं. पट्ट्या दिसल्या! म्हणजे गुण शाबूत होते, साइटही चालू होती. मग संगणक बिघडला होता का? त्याच संगणकात फायरफॉक्स होता. त्यात पान उघडलं, तर तिथेही पट्ट्या हजर! म्हणजे संगणकही ठीक होता. उरला तो मी रोज वापरायची तो ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर. त्यात एफ १२ दाबलं, तर खाली लाल अक्षरांत चूक दिसली. पानातली एक ओळ त्याला वाचताच आली नव्हती.

असं कसं होतं? साइट आपल्याला तयार चित्र पाठवतेच असं नाही. पुष्कळदा ती पाठवते सूचना. त्या वाचून चित्र काढायचं काम ब्राउझरचं. या सूचनांची एक भाषा आहे, जावास्क्रिप्ट. २०१५ साली तिच्यात बरेच नवे शब्द आणि नियम आले. इंटरनेट एक्सप्लोररची शेवटची, म्हणजे अकरावी आवृत्ती तर २०१३ ची! एक ओळ जरी कळली नाही, तरी तो त्या सूचनांचा अख्खा कागद बाजूला ठेवतो. कवायतीत नवा हुकूम शिकवला त्या दिवशी गैरहजर असलेला मुलगा कसा नुसता उभा राहतो, तसंच. त्यात त्याची खोडी नसते.

साइटवाल्यांनी रविवारी पान नव्या पद्धतीने लिहिलं होतं, एवढंच. मायक्रोसॉफ्टने तर १५ जून २०२२ रोजीच इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला होता. असा जुना ब्राउझर वापरणं सुरक्षितही नसतं. ते न बघता मी मात्र तो निळा 'ई' रोज दाबत होते. चूक कुणाची? माझीच!

रागावले भर वर्गात, तेव्हा माफीही भर वर्गातच मागायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडून दाखवले आणि म्हटलं, "याने काहीच केलं नव्हतं. मी न तपासताच बोलले. माझं चुकलं."

वर्ग चिडीचूप. तो उठला, टेबलावरचं फडकं घेतलं आणि हळूच म्हणाला, "बाई, आज पण पुसू का?"

दोस्तांनो, तुमच्याकडेही एखादं पान असं अडलं, तर ते नव्याने मागवा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, दुसऱ्या यंत्रावर बघा, ब्राउझरची आवृत्ती तपासा. आणि धाकट्या भावाचा कान धरण्याआधी हे सगळं करा. काय, पटलं ना?